कंसातला मजकूर

सोमवार, ४ मार्च

सरकारी नोकरीचा पहिला दिवस. सव्वानऊला पोहोचलो. कार्यालय दहाला उघडतं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. पाऊण तास जिन्यात उभा राहून कामगार सुरक्षेचं भित्तिपत्रक तीनदा वाचलं. त्यात दोन चुका आहेत.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. माझं पद विधी अधिकारी. काम असं, की कारखान्यात कुणाला इजा झाली आणि मालकाने कानांवर हात ठेवले, तर त्या कामगाराच्या वतीने भरपाईचा दावा लिहायचा आणि सुनावणीला उभं राहायचं. टेबल खिडकीपाशी आहे. खिडकी उघडत नाही. वरिष्ठ लिपिक बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांच्या शिक्क्याशिवाय इथून कागदाचा कपटाही बाहेर जात नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

ही वही बायकोने आणून दिली. ती दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे समोरच्याला बोलू न देण्याची तिला सवय आहे. म्हणाली, तिथे तुझं मन रमतंय का नाही ते मला रोज सांगू नकोस, यात लिही.

मंगळवार, ५ मार्च

काल नोकरी सोडण्याचं कारण लिहायचं राहिलं. चौदा वर्षं फर्ममध्ये मोठ्या कंपन्यांचे करार लिहिले. निरोपाच्या भाषणात मी समाजाचं ऋण वगैरे म्हणालो. टाळ्या पडल्या. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. तीन वर्षांपूर्वी एका दोनशे पानी कराराच्या एकशे बाराव्या पानावर मी मुद्दाम एक वाक्य घुसडलं: 'जो कोणी हे वाचेल त्याला माझ्याकडून जेवण.' दोन्हीकडचे मिळून अकरा वकील आणि चार संचालक. सगळ्यांच्या सह्या झाल्या. आजतागायत कुणी जेवायला आलेलं नाही. करार अजून लागू आहे.

तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा, की आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचावं आणि त्याने कुणाचं तरी काहीतरी व्हावं. पगार निम्म्याहून खाली आला. मोठी गाडी विकली तेव्हा बायकोने चकार शब्द काढला नाही. तिचं बोलणं मी सहन करू शकतो.

बुधवार, १३ मार्च

पहिली केस. औषधांच्या कारखान्यातल्या पॅकिंगच्या बाई, चाळिशीच्या. मशीनमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेली. मशीनच्या तोंडाशी जाळी असावी लागते, त्या दिवशी ती नव्हती. कंपनीचं म्हणणं, काम भराभर उरकावं म्हणून बाईंनी स्वतःच काढली. तसं ठरलं तर त्यांना दमडी मिळणार नाही. नोकरी गेलेलीच आहे. घरात त्या आणि कॉलेजला जाणारी मुलगी, तिसरं कमावणारं कुणी नाही.

त्यांच्याशी बोलून फारसं हाती लागलं नाही. अर्ज भरायला दिला तर कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. मग डाव्या हातात पेन धरून नाव लिहिलं, पहिलीतलं पोर लिहितं तसं, रेघ सोडून. मी म्हटलं, राहू द्या, अंगठा चालेल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कळलं नसेल म्हणून मी तेच जरा मोठ्याने सांगितलं. मग त्यांनी दोनदा विचारलं, पाळीची वही आणलीत का. मी म्हटलं, ते आम्ही बघतो.

पाळीची वही म्हणजे काय ते आमच्या निरीक्षकांकडून नंतर कळलं. प्रत्येक पाळी सुरू होताना मशीन कशा स्थितीत आहे ते तिच्यात लिहितात. म्हणजे जाळी कधीपासून नव्हती हेही तिच्यात असणार. बाईंना हे कुणीतरी सांगितलेलं दिसतं.

बुधवार, २० मार्च

मसुदा झाला. अडतीस पानं. मोठ्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे दीड पानात होतं. दर्जा हा सवयीचा भाग असतो.

लिहिताना मनात येणाऱ्या शंका मी चौकोनी कंसात टाकत जातो आणि शेवटी काढून टाकतो. त्यामुळे दोन प्रती होतात, एक कंसवाली, एक साफ. साफ प्रत आज कंपनीच्या वकिलाला पाठवली. सोबत पत्र: 'मसुदा जोडला आहे. आपल्या सूचना कळवाव्यात.' त्याला मी ओळखतो, सोनेरी चष्म्याचा, भला माणूस. दोन-तीन करारांत तो समोरच्या बाजूला होता. आमच्या जगात मसुदा समोरच्याला दाखवल्याशिवाय पुढे जातच नाही.

शिक्का मारताना मोठ्या बाईंनी विचारलं, दावा कुणाविरुद्ध आहे. मी म्हटलं, त्यांच्याच. मग सूचना पण त्यांच्याच का, असं त्यांनी विचारलं. मी व्यावसायिक सौजन्य ही काय चीज असते ते समजावून सांगितलं. त्यांनी आत काय आहे ते पाहिलं नाही. "मी वाचत नाही, मी शिक्का मारते," म्हणाल्या. एक प्रत मात्र कार्यालयासाठी ठेवून घेतली. कागदाची किती नासाडी.

शुक्रवार, २२ मार्च

चष्मेवाल्याचं उत्तर आलं. सात सूचना, सुबक टाइप केलेल्या, खाली सही. कंपनीचं पूर्ण नाव, दोन स्वल्पविराम, एक तारीख. चौथी सूचना अशी, की 'पाळी नोंदवही' ऐवजी 'पाळी नोंदवह्या (तीन), सध्या सुपरवायझरच्या केबिनमधील कपाटात' असं वाचावं. किती बारकाईने वाचलंय. चौदा वर्षांत माझं लिखाण असं कुणी वाचलं नव्हतं. मन भरून आलं.

मोठ्या बाईंनी त्याच्यावरही शिक्का मारला, तारीख आणि वेळेसकट. जणू तार आली.

सोमवार, १ एप्रिल

माझ्या पायावर मी धोंडा मारून घेतला असता तर चाललं असतं. दुसऱ्याच्या पायावर मारलाय.

निरीक्षक गेल्या आठवड्यात नोंदवह्या ताब्यात घ्यायला कारखान्यात गेले होते. कंपनीने लेखी दिलं की १२ मार्चला केबिनमधला पाइप फुटला आणि नोंदवह्यांचा लगदा झाला. लगदा कुठे आहे? फेकून दिला. निरीक्षक म्हणाले, केबिनचा रंग मात्र छान कोरडा आहे.

दुपारी मॅडमनी बोलावलं. त्या आमच्या कार्यालयप्रमुख. टेबलावर मोठ्या बाईंनी ठेवून घेतलेली प्रत होती. मॅडमनी शांतपणे विचारलं, हे कंस कसले.

मी साफ प्रत पाठवलीच नव्हती. कंसवाली पाठवली होती. मॅडमनी दोन जागी पेन्सिलीने खूण केली होती. पहिली: '[पाळी नोंदवही अजून आपल्या हाती नाही. ती मिळाली नाही तर दावा लंगडा. निरीक्षकांना पुढच्या आठवड्यात पाठवणे.]' दुसरी: '[जखमी बाई अशिक्षित, गोंधळलेल्या. साक्षीला उभं न करणं बरं.]'

पहिल्या कंसाने कंपनीला काय करायचं ते सांगितलं, आणि किती दिवसांत तेही. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, तुमच्या फर्ममध्ये असं नेहमी करायचे का. मी हो म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं.

मंगळवार, २ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत मोठ्या बाई आवक नोंदवही घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "साहेब, पाइप बाराला फुटला ना? मग बावीसला वह्या कपाटात कशा होत्या?" आणि चष्मेवाल्याच्या पत्रातली चौथी सूचना माझ्यापुढे ठेवली. सही त्याची, शिक्का आपला, तारीख बावीस, वेळ बारा वाजून दहा मिनिटं.

म्हणजे त्यालाही माझीच सवय नडली. मसुदा दिसला की दुरुस्त करायचा, आणि अशिलाला विचारायचं नंतर. त्या शिक्क्याला मी शुक्रवारी हसलो होतो. मोठ्या बाईंना तसं सांगितलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, सगळे नवीन साहेब हसतात.

मॅडमनी दुसरी बाजू सांगितली. ते पत्र सुनावणीत लावायचं तर ज्या मसुद्याला ते उत्तर आहे तोही लावावा लागेल, अख्खा, कंसांसकट. अर्धा पत्रव्यवहार दाखल होत नाही. माझा घोळ सगळ्यांसमोर वाचला जाईल आणि ताकीद माझ्या सेवापुस्तकात कायमची चिकटेल. नोकरी परिवीक्षेवर आहे, तेव्हा ताकिदीपेक्षा जास्तही होऊ शकतं. नाहीतर पत्र बाजूला ठेवायचं आणि आहे त्यावर दावा चालवायचा. तो बहुधा हरेल. का हरला ते कुणाला कळणार नाही.

"गुरुवारपर्यंत सांगा," म्हणाल्या.

गुरुवार, ४ एप्रिल

चष्मेवाल्याचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, तुझ्यासारखा माणूस तिथे वाया चाललाय, आमच्याकडे करारांचा विभाग सांभाळायला कुणीतरी हवंय. मग म्हणाला, "आणि ते सूचनांचं पत्र आपण आपापसातलं समजू. तुलाही ते बरं आहे."

खोटं लिहिण्यात अर्थ नाही, मला मोह झाला. त्याच्या कार्यालयाच्या खिडक्या उघडतात. मॅडमकडे सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडं घासत होती, घासत राहिली. मी विचारलं, तू काय केलं असतंस. ती म्हणाली, "मला काय विचारतोस? बोटं माझी गेलीत का?"

शनिवार, ६ एप्रिल

पॅकिंगच्या बाईंच्या घरी गेलो. दोन खोल्या, चौथा मजला. मुलगी बाहेर गेली होती. टेबलावर शाळेची दुरेघी वही उघडी होती, पानभर एकच अक्षर गिरवलेलं. मी विचारलं, कुणाची. त्या म्हणाल्या, माझीच, डाव्या हाताला वळण लावतेय.

मी वाटेत एक प्रस्तावना तयार केली होती, ती विसरलो. सरळ सांगितलं की मी चूक केली, आणि कोणती. मग मसुद्यातलं ते पान त्यांच्यापुढे ठेवलं, कारण सुनावणीत कानावर पडण्याआधी त्यांनी ते माझ्यासमोर वाचावं असं मला वाटलं. वाचून दाखवू का, असंही विचारलं. म्हणजे पाहा, तोवरही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

त्यांनी पान उचललं आणि माझ्यापेक्षा भरभर वाचलं. दुसऱ्या कंसाशी थांबल्या.

"साहेब, ती पाळीची वही मीच लिहायचे. सात वर्षं. सगळ्या लाइनचं माझ्याकडेच होतं, अक्षर चांगलं म्हणून. जाळी नाही, सुपरवायझरला सांगितलं, असं रोज लिहीत होते."

मी विचारलं, हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, "तुम्ही अंगठा मागितलात. पुढे काय सांगू?"

लाज वाटली. याहून नेमका शब्द मला येत नाही आणि शोधायचाही नाही.

मग त्यांनी विचारलं की वह्या खरंच गेल्या का. मी म्हटलं, बहुधा कुठेतरी असतील, पण मी ते पत्र लावलं तरच त्या निघतील, आणि लावलं तर हा कंस भर सुनावणीत वाचला जाईल, सगळ्यांसमोर, तुमच्याबद्दलचा. मला वाटलं त्या भरपाईचं विचारतील. त्या म्हणाल्या, "आता तसं अक्षर पुन्हा येणार नाही माझं. त्या वह्यांतच काय ते आहे. वाचू दे काय वाचायचं ते. वह्या आणा."

सोमवार, ८ एप्रिल

मॅडमना सांगितलं, सगळं लावा. चष्मेवाल्याला फोन करून नोकरीचं नाही म्हणालो. त्याने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की नाही, पण नाही.

मंगळवार, १६ एप्रिल

सुनावणी. खोली लहान, पंखा मोठा. सुनावणी अधिकारी निवृत्तीला आलेले, कानाला यंत्र. मी मसुदा, माझं पत्र, चष्मेवाल्याचं पत्र, सगळं शिक्क्यांसकट पुढे केलं. चष्मेवाला भला माणूस आहे हे मी आधी लिहिलंय. आज त्याला अशिलासमोर तोंड दाखवायचं होतं. त्याने विनंती केली की विधी अधिकाऱ्यांनी स्वतः लिहिलेले कंस स्वतः वाचावेत, म्हणजे सरकारचं आपल्याच साक्षीदाराबद्दल काय मत आहे ते कळेल.

मी वाचलं. सुनावणी अधिकाऱ्यांना नीट ऐकू आलं नाही. म्हणाले, मोठ्याने. मी 'अशिक्षित, गोंधळलेल्या' हे दुसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. बाई दुसऱ्या रांगेत होत्या, लेक शेजारी. लेकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी काही दिवस तरी विसरणार नाही.

अधिकाऱ्यांनी बाईंना विचारलं, काही म्हणायचंय का. त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्यांनी घरी येऊन मला हे आधीच दाखवलंय. ते चुकीचं आहे, आणि चूक त्यांनी कबूल केली. कंपनीने अजून काहीच कबूल केलेलं नाही." आणि बसल्या.

मग चौथी सूचना वाचली गेली. ती चष्मेवाल्यालाच वाचायला लावली, मोठ्याने. बाराला लगदा झालेल्या वह्या बावीसला कपाटात कशा, असं अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. पंधरा दिवसांत वह्या हजर करा, नाहीतर त्यात बाई म्हणतात तेच लिहिलंय असं धरून चालू, असा हुकूम झाला.

मंगळवार, ३० एप्रिल

पाण्याने लगदा झालेल्या तिन्ही नोंदवह्या आज ठणठणीत कोरड्या हजर झाल्या. चुकून दुसऱ्या कपाटात गेल्या होत्या म्हणे.

मी तपासत बसलो. अक्षर चांगलं आहे असं त्या म्हणाल्या होत्या. चांगलं नाही, देखणं आहे. सरळ, मोकळं, ओळ न सोडणारं, पाळी संपत आली असतानाही तसंच. 'जाळी नाही. सुपरवायझरना सांगितले.' अपघाताआधीच्या चार महिन्यांत एक्याण्णव वेळा. काही ठिकाणी खाली सुपरवायझरची सहीसुद्धा आहे. न वाचता केलेली असणार. सह्या कशा होतात ते मला माहीत आहे.

मोठ्या बाई येऊन माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. मी वाचत नाही असं म्हणणाऱ्या त्या बाईंनी सहा पानं वाचली.

बुधवार, १५ मे

निकाल. भरपाई पूर्ण मंजूर. बाईंना टेबलाचं काम देऊन परत घ्यावं असाही आदेश. बाईंनी विचारलं, वह्या मला मिळतील का. नाही, त्या आता सरकारी दप्तर झाल्या. नक्कल मात्र मागता येते, अर्ज करून. त्यांनी तिथल्या तिथे डाव्या हाताने अर्ज लिहिला. मोठ्या बाईंनी तिन्ही वह्यांची प्रत काढून, प्रत्येक पानावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारून दिली. सहाशे पानं. यंत्र दोनदा तापून बंद पडलं.

मलाही आज एक कागद मिळाला. ताकीद: 'निष्काळजीपणा व गोपनीय मजकूर उघड करणे.' परिवीक्षा सहा महिन्यांनी वाढली. भाषा नेमकी आहे, फेरफार सुचवण्यासारखं काही आढळलं नाही. बायकोने घरी तो वाचला आणि म्हणाली, फ्रेम करू या का. चेष्टा करत होती का नाही ते कळलं नाही.

सोमवार, ३ जून

सव्वादहाला चार बायका माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्याच कारखान्यातल्या, दुसऱ्या लाइनच्या. एकीला खोकला आहे, थांबत नाही. एकीचा तळवा पोळलेला. बाकीच्या दोघींचं काय ते कळायचं होतं. चौघी मोठ्या बाईंना, मॅडमना, निरीक्षकांना ओलांडून थेट माझ्याकडे आल्या, म्हणून मी विचारलं, माझ्याकडेच कसं काय.

खोकणाऱ्या बाईंनी पॅकिंगच्या बाईंचं नाव घेतलं. "ती म्हणाली, खिडकीपाशी जे बसतात त्यांच्याकडेच जा. त्यांच्या हातून चुका होतात. पण झाली की घरी येऊन सांगतात."

मोठ्या बाईंनी शिक्का हवेत धरून माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं, आणि दुसरंही काहीतरी येत होतं ते आवरलं. खुर्च्या दोनच होत्या, म्हणून माझी धरून तीन केल्या आणि एक निरीक्षकांची ओढली. मी टेबलाच्या कडेला टेकलो. अर्ज काढले नाहीत. पहिलीला म्हटलं, आधी तुम्ही तिथे काय काम करता ते सांगा, पहिल्या दिवसापासून.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा पहिल्या बाई नोकरीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत आल्या होत्या.